दोन कप चहा: आधणापासून गाळणीपर्यंत

चहा बिघडतो तो बहुतेक वेळा दूध घालायच्या आधीच. पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं एकदम पातेल्यात ढकलायचं, गॅस मोठा करायचा आणि वर यायला लागला की बंद करायचा, ही सवय घरोघरी आहे. असा चहा एखाद्या दिवशी फक्कड होतो आणि दुसऱ्या दिवशी फुळकवणी. का ते कळत नाही, कारण पत्ती किती उतरली हे बघायची वेळच त्यात येत नाही. दूध पडलं की कच्चा-पक्का सगळा रंग झाकला जातो. म्हणून खालच्या पद्धतीत आग्रह एकच आहे: पत्तीचं काम आधणातच पुरं करून घ्यायचं. दूध त्यानंतर.

माप

कप म्हणजे इथे १५० मिलीचा, बशीसकट मिळतो तो साधा कप. दोन कपांसाठी पाणी २२० मिली, दूध १४० मिली, पत्ती ६ ग्रॅम, साखर १२ ग्रॅम, आलं ८ ग्रॅम, वेलदोडा एक. बेरीज ३६० मिली होते आणि हातात ३०० च येतात, त्यात चूक नाही. चाळीसएक मिली वाफेने जातं आणि १५-२० मिली चोथा पिऊन घेतो.

घरातल्या चमच्यांवर फार भरवसा ठेवू नये. ५ मिलीच्या चहाच्या चमच्यात सपाट भरली तर दाणेदार पत्ती साधारण २ ग्रॅम बसते, शिगोशीग भरली तर ३. म्हणजे त्याच चमच्याने, त्याच घरात, दोन माणसांच्या हातून दीडपट फरक पडतो. पोह्यांचा चमचा डब्यात पडलेला असेल तर विचारायलाच नको. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर एकदाच ६ ग्रॅम मोजावेत, आपल्या डब्यातल्या चमच्याने ते किती होतात ते बघावं, आणि तो चमचा डब्यातून हलवू नये. बारीक पूड त्याच चमच्यात वजनाने जास्त बसते, तेव्हा पत्ती बदलली की पुन्हा मोजायचं.

पत्ती कोणती

दुकानात पुड्यात मिळते ती जवळजवळ सगळी सीटीसी पत्ती. क्रश, टेअर, कर्ल या तीन शब्दांची ही आद्याक्षरं. १९३० च्या सुमारास आसामच्या मळ्यांत ही पद्धत निघाली. दातेरी रुळांमधून पान चिरडत, फाडत नेलं की त्याचे बारीक कडक गोळे होतात, आणि गोळा जितका लहान तितका त्याचा अर्क लवकर उतरतो. दूध-साखरेच्या चहाला हीच हवी. दार्जिलिंगचं महागडं लांब पान आणून आलं-दुधात उकळणं म्हणजे पैठणीने ओटा पुसणं. त्याचा नाजूक वास दुधाखाली दबतो. ते पान उकळायचं नाही. पाणी उकळून खाली उतरवायचं, मिनिटभर थांबून पानावर ओतायचं, झाकण ठेवून तीन मिनिटांनी गाळायचं आणि कोरंच प्यायचं.

सीटीसीतही दाणा आणि डस्ट असा फरक असतो. दाण्याचा स्वाद भरीव, पण तो सावकाश उतरतो. डस्ट अर्ध्या मिनिटात रंग देते, कडक लागते, म्हणून टपरीवाल्याला परवडते. गावातल्या टी डेपोत ‘मिक्स’ बांधून देतात ते याच दोघांचं. घरासाठी तीन भाग दाणा आणि एक भाग डस्ट हे प्रमाण चांगलं. डस्ट त्याहून वाढवली की फसगत होते: रंग चटकन येतो, माणूस समजतो चहा झाला, पण तोंडात येतो तो नुसता तुरटपणा. शिवाय बारीक पूड गाळणीतून उतरते आणि कपाच्या तळाशी गाळ बसतो.

सुट्या पत्तीबद्दल शंका असेल तर पांढरा टिश्यू पेपर ओला करून त्यावर चिमूटभर पत्ती पसरावी. दोनेक मिनिटांनी पत्ती झटकून कागद नळाखाली हलकेच धुवावा आणि उजेडात धरावा. चांगल्या पत्तीचा डाग अगदी फिका राहतो. रंग मारलेली असेल तर ठसठशीत ठिपके उमटतात.

पत्ती ओल आणि वास दोन्ही ओढून घेते. मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलेल्या पत्तीच्या चहाला जिऱ्याचा वास येतो, आणि गॅसच्या वरच्या फळीवरची पत्ती वाफेने दमट होते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, ओट्यापासून लांब, आणि दोन महिन्यांत संपेल एवढीच खरेदी. एका वासाला मात्र मुद्दाम आत घ्यावं. वेलदोड्याचे दाणे शिऱ्याला वापरले की उरलेली सालं पत्तीच्या डब्यात टाकून द्यायची. आठवड्याभरात फरक कळतो.

पाणी आणि पातेलं

नगरपालिकेचं पिण्याचं पाणी असेल तर प्रश्न नाही. बोअरच्या जड पाण्यात चहाचा रंग काळपट होतो, चव बसकी लागते आणि कोऱ्या चहावर तेलकट दिसणारा तवंग येतो. ते तेल नसतं. पाण्यातला चुना चहाच्या अर्काशी जुळून ती साय धरते. फिल्टर नसेल तर पाणी आधी एकदा खळखळून उकळावं, दहा मिनिटं निवळू द्यावं आणि वरचं तेवढं हलकेच काढून घ्यावं. चुन्याचा बराच भाग भांड्याच्या तळाला पांढरा होऊन बसतो.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं आणि चहाच्या मापाच्या तिप्पट मोठं असावं. दोन कपांना लिटरभराचं. लहान पातेल्यात चहा सतत वर येतो, माणूस सतत गॅस कमी करतो आणि उकळी कधी धडपणे लागतच नाही. लोखंडी भांडं चहाला वर्ज्य: लोह आणि चहातलं टॅनिन एकत्र आलं की निळसर काळा रंग होतो, पूर्वी शाई याच मेळातून करत. पुण्याच्या अमृततुल्यांत पितळी पातेली दिसतात, पण पितळेला आतून कल्हई हवीच. कल्हई उडालेलं पितळ शोभेला ठेवावं. चहाचं पातेलं चहालाच राखून ठेवलं तर उत्तम. ज्यात सकाळी फोडणी झाली आहे ते कितीही घासलं तरी हिंग पहिल्या घोटाला ओळख देतोच.

आता चहा टाकू

पाण्याचं आधण मोठ्या आचेवर ठेवा. शेजारच्या शेगडीवर दूध वेगळं तापत ठेवा. हे दुसरं भांडं घासायला पडतं म्हणून लोक टाळतात, पण दोन कामं होतात: गरम दूध पडल्यावर चहाची उकळी मोडत नाही, आणि दूध नासकं असेल तर ते चहात न फाटता तिथेच फाटतं.

पाण्याला बुडबुडे येऊ लागले की ठेचलेलं आलं आणि साखर घाला. साखर आधी घालायची की नंतर यावर घराघरांत वाद आहेत. आधी घातली की ती नीट विरघळते आणि शेवटी ढवळायला लागत नाही, एवढाच तिचा फायदा. आल्यासकट पाणी दोन मिनिटं खळखळू द्या.

मग पत्ती टाका आणि आच मध्यम करा. इथे पातेल्यासमोरून हलायचं नाही. पत्ती पहिल्यांदा वर तरंगते आणि तिच्या कडेने फिकट पिवळसर फेस धरतो. अर्ध्या मिनिटात दाणे भिजून खाली-वर फिरायला लागतात, पाणी नारिंगी होतं. मिनिटभरात ते तांबडं होतं आणि फेसाचे बुडबुडे बारीक होत जातात. दीड मिनिटाच्या आसपास चमचाभर आधण उचलून बघा. चमच्याचा तळ तांबूस काचेतून दिसावा तसा अंधुक दिसला पाहिजे. स्वच्छ दिसला तर अजून वीसएक सेकंद थांबा. अजिबात दिसला नाही तर जास्त झालंय, लगेच दूध घाला. दाणेदार पत्तीला दीड ते दोन मिनिटं, मिक्सला सव्वा ते दीड, नुसत्या डस्टला मिनिटभर पुरतं. त्यापुढे रंगात फारशी भर पडत नाही, तुरट-कडू अंश तेवढा उतरत राहतो.

गरम दूध ओता आणि आच मोठी करा. चहा वर आला की पातेलं उचलायचं किंवा आच कमी करायची, खाली बसला की पुन्हा वाढवायची. अशा तीन उकळ्या. यात दीड मिनिट जातं आणि दुधाचा कच्चा वास निघून जातो. रंग भाजलेल्या विटेकडे झुकलेला हवा. शेवटच्या उकळीला सालीसकट ठेचलेला वेलदोडा टाका, गॅस बंद करा, झाकण ठेवा. वेलदोड्याचा वास उडून जाणारा असतो. सुरुवातीला घातला तर वास स्वयंपाकघराला लागतो, चहाला नाही. झाकणाखाली एक मिनिट मुरू द्या आणि गाळा. कप आधी गरम पाण्याने विसळून घेतले असतील तर चहा शेवटच्या घोटापर्यंत गरम राहतो.

गाळताना चोथा चमच्याने दाबून शेवटचे थेंब पिळायचे नाहीत. त्या थेंबांत कडवटपणा आणि गाळ याशिवाय काही नसतं. आणि गाळलेला चहा थांबू शकतो, चोथ्यात बसलेला नाही. कोणी अंघोळीहून यायचं असेल तर गाळून थर्मासमध्ये ठेवा. पातेल्यात तसाच ठेवून नंतर पुन्हा उकळलेला चहा औषध म्हणूनच प्यावा लागतो.

आलं दूध का फाडतं

चहा फाटला की लोक दूधवाल्याला बोल लावतात. बरेचदा दोष आल्याचा असतो, किंवा खरं तर ते घालायच्या वेळेचा. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक पाचकद्रव्य असतं आणि कोमट ते बऱ्यापैकी गरम दुधात ते जोरात काम करतं. दक्षिण चीनमध्ये गरम दुधात नुसता आल्याचा रस घालून घट्ट दह्यासारखा गोड पदार्थ लावतात, तो याच गुणावर. चहात मात्र हे नको असतं. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं राहिलं की ते द्रव्य मरतं आणि उरतो फक्त तिखटपणा आणि वास. म्हणून आलं नेहमी दुधाच्या आधी. विसरलात आणि दूध पडून गेलंय? मग थोडं पाणी दुसऱ्या भांड्यात उकळून त्यात आलं उकळा आणि ते पाणी गाळून चहात घाला. कच्चं आलं वरून किसू नका.

आलं ठेचायचं की किसायचं? किसलेलं जास्त तिखट उतरतं, तेव्हा प्रमाण ८ ऐवजी ६ ग्रॅम घ्यावं. ठेचलेलं सौम्य आणि गाळायला सोपं. ८ ग्रॅम म्हणजे अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. साल काढायची गरज नाही, पण बेचक्यातली माती नखाने काढून धुवावं. उन्हाळ्यातलं जुनं, दोरे आलेलं आलं पावसाळ्याअखेरच्या कोवळ्या आल्यापेक्षा बरंच तिखट असतं.

गवती चहाची दोन पाती कात्रीने बोटभर तुकडे करून पत्तीसोबत घालावीत, त्याआधी नाही, आणि झाकण अर्धं ठेवावं. सुंठ, मिरी, दालचिनीचा मसाला घालायचा तर दोन कपांना पाव चमचा पुरे, तोही आल्याऐवजी. आलं आणि मसाला दोन्ही म्हणजे काढा.

दूध

दुधाच्या पिशवीवरचे शब्द इथे कामाचे आहेत. टोण्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६. दिलेलं प्रमाण गाईच्या किंवा टोण्ड दुधाचं आहे. म्हशीचं किंवा फुल क्रीम असेल तर दूध १४० ऐवजी ११० मिली घेऊन पाणी तेवढं वाढवावं, नाहीतर चहा बासुंदीकडे झुकतो आणि पत्तीची चव झाकली जाते. ज्यांना तसाच घट्ट, आटीव चहा आवडतो त्यांनी खुशाल उलटं करावं, पण मग पत्तीही दीडपट लागते. डबल टोण्डमध्ये स्निग्धांश दीडच टक्का. त्याचा चहा करडा दिसतो, कितीही उकळला तरी.

परदेशात राहणाऱ्यांची तक्रार असते की तीच पत्ती नेऊनही चहा तसा लागत नाही. तिथल्या बाटलीतल्या दुधातली साय यंत्राने बारीक करून दुधातच मुरवलेली असते आणि बरेच जण कमी स्निग्धांशाचं दूध आणतात. पूर्ण स्निग्धांशाचं दूध घेऊन ते चहात घालण्याआधी वेगळ्या भांड्यात पाच-सात मिनिटं आटवलं की बरीचशी दरी भरून निघते. विजेच्या शेगडीची तार आच कमी केली तरी तापलेलीच राहते. तिथे बटणाकडे हात नेऊ नये, पातेलंच उचलावं.

गुळाचा चहा

इथे दूध फाटण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त. गुळात थोडी आम्लता असते, क्षार असतात आणि उकळत्या दुधाला एवढं निमित्त पुरतं. उपाय साधा आहे. साखर न घालता चहा वरच्यासारखाच करायचा, गॅस बंद करायचा, उकळी पूर्ण बसू द्यायची आणि मग बारीक चिरलेला गूळ कपातच घालून ढवळायचा. एका कपाला ८ ते १० ग्रॅम. एकदा गूळ पडला की पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही. पांढरट पिवळ्या गुळापेक्षा गडद गुळाची चव चहात चांगली उतरते, पण त्यात कचराही असतो, तेव्हा पाक करून गाळून ठेवलेला बरा. कोकणात गूळ आणि गवती चहा घालून कोरा करतात, तिथे फाटायला दूधच नाही. गूळ सरळ आधणात टाकावा.

बिघडला तर

चहा पानचट झाला आणि दूध पडून गेलंय, तर वरून पत्ती टाकून उकळत बसू नका. दुधात पत्ती नीट उतरत नाही, वेळ जातो आणि दूध आटतं. दुसऱ्या भांड्यात पाव कप पाण्यात चमचाभर पत्ती मिनिटभर उकळून तो अर्क गाळून मिसळा.

कडू झाला तर हात साखरेकडे जातो. साखरेने तो गोड आणि कडू होतो. त्याऐवजी कपामागे दोन चमचे गरम दूध घाला. दुधातली प्रथिनं तुरट द्रव्यांना धरून ठेवतात आणि जिभेवरची कोरड कमी होते. रोजच कडू होत असेल तर पत्ती कमी करण्याआधी वेळ कमी करून बघा.

बिनसाखरेचा चहा पिणाऱ्यांसाठी वेगळा हिशेब हवा. कडवटपणा लपवायला साखर नसते, म्हणून पत्ती पाऊण आणि उकळण्याचा वेळही वीसएक सेकंदांनी कमी. एकाच पातेल्यातून दोन्ही द्यायचे असतील तर चहा बिनसाखरेचा करून ज्याच्या-त्याच्या कपात साखर घालावी.

सगळं नीट करूनही चव मळकट येते तेव्हा गाळणी उजेडात धरून बघा. जाळी काळी दिसते? स्टीलची असेल तर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून तासभर बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. प्लास्टिकची असेल तर फेकून द्या.

पंचवीस माणसांचा

हळदीकुंकू, वास्तुशांत, बैठक. दोन कपांच्या मापाला सरळ गुणत गेलं की चहा भयंकर कडक होतो, कारण मोठं भांडं सावकाश तापतं, सावकाश थंड होतं आणि पत्ती गरम पाण्यात जास्त वेळ राहते. पाहुण्यांना कप लहान, १०० मिलीचा धरा. पाणी १ लिटर ६०० मिली, दूध १ लिटर १०० मिली, पत्ती ४२ ग्रॅम, साखर १२५ ग्रॅम, आलं ५० ग्रॅम, वेलदोडे आठ. गुणाकाराने पत्ती ५० ग्रॅम आली असती. साखर मुद्दाम थोडी चढी ठेवली आहे, कारण पाहुण्यांच्या चहाला कमी गोड म्हणून नावं ठेवली जातात, जास्त गोड म्हणून क्वचितच.

हा चहा दूध घालण्याआधीच गाळून घ्यावा. कोरं आधण मोठ्या गाळणीतून दुसऱ्या पातेल्यात काढायचं, मग त्यात तापलेलं दूध घालून तीन उकळ्या आणि वेलदोडा. चोथा बाहेर गेलेला असल्याने पहिल्या पंगतीचा आणि उशिरा येणाऱ्यांचा चहा एकाच चवीचा राहतो, आणि किटली पुन्हा गरम करायची वेळ आली तरी कडू होत नाही. चोथा गुलाबाला घालायचा तर आधी पाण्याखाली साखर धुऊन काढा, नाहीतर कुंडीत मुंग्या होतात. असा दुधाआधी गाळलेला असेल तर धुणं सोपं जातं.